शेवटच्या प्रकरणाला पिना

चारुलता मुळ्ये बारावीच्या वर्गावर पहिल्या दिवशी गेल्या, त्या हातात स्टेपलर घेऊन.

"आपापली कादंबरी काढा," त्या म्हणाल्या. "शेवटचं प्रकरण उघडा. वाचायचं नाही. नुसतं धरायचं."

मग त्या एकेका बाकाशी गेल्या आणि प्रत्येकाच्या पुस्तकातलं शेवटचं प्रकरण तिन्ही बाजूंनी पिना मारून बंद करून टाकलं. खटाक, खटाक. मुलं एकमेकांकडे बघत राहिली.

मागच्या बाकावरचा हर्षित म्हणाला, "मॅम, बुक तो हमारी है."

"पुस्तक तुझं. शेवट माझा. दिवाळीनंतर मिळेल."

"पर गाइड में तो पूरा लिखा है," अमन म्हणाला.

"बरं झालं आठवण केलीस. गाइड काढ."

अमनने काढलं. शेजाऱ्यानेही काढलं. तास संपेपर्यंत वर्गातल्या लोखंडी कपाटाचा एक कप्पा गाइडांनी भरला. बाईंनी कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. शिपायाने मागितली तरी त्या ही किल्ली देत नसत.

"आता शब्द द्या. पिना काढणार नाही."

मुलांनी हसत हसत शब्द दिला. बाई हसल्या नाहीत.

ही देवासची इंग्रजी माध्यमाची शाळा. मुलं घरी मराठी नाहीतर माळवी बोलतात, मधल्या सुट्टीत हिंदी, आणि पेपरात इंग्रजी लिहितात. बारावीला शाळेने दोन पुस्तकांतलं एक निवडायचं असतं. एक निबंधांचं, दुसरी दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी भयकादंबरी. शाळा दरवर्षी निबंध निवडायची. निबंध छोटे असतात, प्रश्न ठरलेले असतात, कोणाची तक्रार येत नाही. बाई दरवर्षी कादंबरी मागायच्या आणि प्राचार्य नागर सर दरवर्षी हसून चहा मागवायचे.

यंदा सर 'हो' म्हणाले. पण अट घातली.

"एक भी शिकायत आई, मॅडम, तो निबंध. और बारहवीं किसी और को. आप आठवीं लेंगी."

"चालेल," बाई म्हणाल्या.

चालेल म्हणाल्या खऱ्या, पण चालणार नव्हतं. निवृत्ती जवळ आली होती. ही कादंबरी एकदा तरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मुलांसमोर वाचायची, एवढंच त्यांना आता नोकरीकडून हवं होतं. बाकी जे मिळायचं ते मिळून गेलं होतं, नाहीतर राहून गेलं होतं.

बाई मूळच्या धारच्या. आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून. संस्थान गेलं, दप्तर गेलं, इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट तेवढं घरात राहिलं. वडील संध्याकाळी त्यातलं एक पुस्तक काढून वाचायचे. डोळे इंग्रजीवर, तोंडात मराठी. ही कादंबरी बाईंनी प्रथम तशी ऐकली. गोष्टीत जिन्यावर पाऊल वाजलं की वडील पुस्तक मिटायचे. "उद्या," म्हणायचे. आणि धाकटा भाऊ रडायचा.

पण वाचायचं कसं हे वडिलांनी दाखवलं, आणि शिकवायचं कसं हे डहीने. डही म्हणजे धार जिल्ह्याचं दक्षिणेचं टोक. बाईंची पहिली नोकरी तिथे. मुलं डोंगरातून चालत यायची. कापूस वेचायचे दिवस आले की येईनाशी व्हायची. हजेरीचा धाक चालत नव्हता, खाऊचाही नाही. बाईंच्या लक्षात आलं की गोष्ट अर्धी सोडली तर दुसऱ्या दिवशी मुलं येतात. शेवट सांगून टाकला तर येत नाहीत. त्यांनी शेवट सांगणं बंद केलं. त्या वर्षी कापसाच्या दिवसांतही वर्ग भरला. तेव्हापासून ज्याच्या हातात शेवट त्याच्या हातात वर्ग, हे बाईंनी धरून ठेवलं.

कादंबरीतलं घर त्यांनी फळ्यावर काढलं. डावीकडच्या कोपऱ्यात, पांढऱ्या खडूने. जिना, जेवणाची खोली, वरचा लांब बोळ. बोळाच्या टोकाला एक खोली, तिला दार नाही.

"मॅम, डोअर रह गया."

"राहिलेलं नाही. शोधा."

हे घर पुसायचं नाही, असं बाईंनी सगळ्या शिक्षकांना सांगून ठेवलं. गणिताचे पाटीदार सर कुरकुरले. पण दार नसलेल्या खोलीच्या खाली ते निमूटपणे समाकलन मांडू लागले.

कादंबरी साधी आहे. समुद्राकाठच्या दलदलीत एक मोठं घर. तिथे एक नवी नवरी येते. जिन्यावर पूर्वजांच्या तसबिरी रांगेने लावलेल्या, मधली एक चौकट रिकामी. जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची, तिच्यावर कोणी बसत नाही. रात्री वर कोणीतरी चालतं. नवरी विचारते, तर नोकर म्हणतात वारा आहे. अर्धं पुस्तक झाल्यावर कळतं की नवऱ्याला एक थोरली बहीण होती. ती वारली. घरात तिचं नाव घ्यायची बंदी आहे. पुस्तकातही तिच्या नावाच्या जागी नुसती रेघ आहे. प्रत्येक वेळी रेघ.

मुलांना त्या रेघेने पछाडलं. कोणी म्हणे तिचं नाव अमुक, कोणी म्हणे तमुक. वर्गात दोन तट पडले.

"इत्ता डर काहे का?" हर्षित एकदा म्हणाला. "एक कमरा बंद किया, बस? हमारे यहाँ तो दो भाइयों ने आधा-आधा शहर बाँट लिया था. एक सड़क के इधर, एक उधर."

वर्ग हसला. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

"वाटून घेतलं, पण लपवलं का?" बाईंनी विचारलं.

"नहीं. वो तो दादाजी आज भी सबको बताते हैं."

"म्हणून देवासच्या त्या सडकेवर भूत नाही," बाई म्हणाल्या. "भूत सांगितलेल्या गोष्टीचं होत नाही. न सांगितलेल्या गोष्टीचं होतं. पुढचं पान."

बाई अशा शिकवायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. पंखा बंद करायला लावायच्या आणि वाचायच्या. अडलेला शब्द हिंदीत, मराठीत, कधी माळवीत. ज्याला भीती वाटली त्याने हात वर करायचा, असा नियम होता. सुरुवातीला कोणी करत नसे. मग हर्षितने केला, आणि त्यानंतर कोणाला लाज वाटली नाही.

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, तेव्हा बाईंनी एक काम दिलं. शनिवारी प्रत्येकाने घरातली एक अशी वस्तू आणायची, जी अशा माणसाची आहे ज्याच्याबद्दल घरात फार बोलत नाहीत. सोमवारपर्यंत वस्तू वर्गात राहतील. सोमवारी शेवट.

शनिवारी टेबल भरलं. बंद पडलेलं घड्याळ, चष्म्याचं घर, एका काकाची हॉकी स्टिक. एकेक जण उठून दोन वाक्यं बोलला. शेवटी कृतिका मोहिते उठली. ती वर्गात कमी बोलायची. तिने लाल फडक्याची घडी उलगडली. आत चांदीचा छोटा पत्रा होता, तुटलेल्या काळ्या गोफात ओवलेला. पत्र्यावर उठावाची एक बाई, दोन्ही हात खाली सोडलेली.

"ये क्या है?" अमनने विचारलं.

"टाक," कृतिका म्हणाली. मग ती मराठी-हिंदी मिसळून बोलू लागली, जशी घरी बोलत असावी. "पप्पांची पहिली बायको वारली. मग आईसाहेबांशी लग्न झालं. दुसरी बायको आली की पहिलीचा टाक तिच्या गळ्यात घालतात. पहिलीचा मान राहावा म्हणून. आईसाहेब कधी काढत नाहीत. आज गोफ टूट गया, म्हणून पटव्याकडून नव्या गोफात ओवून आणायला दिलाय."

"तो तुम्हारी मम्मी गले में... मतलब... उनको पहनती है?"

"हो."



"डर नहीं लगता?"

कृतिकाने विचार केला. "नाही. पितृपंधरवड्यात नवमीला आधी त्यांचं पान वाढतात, मग आमचं. पुस्तकातल्या त्या घरात खुर्ची रिकामी ठेवतात पण वाढत कोणी नाही. इसलिए वो जिन्यावर फिरते. आमच्या जिन्यावर कोणी फिरत नाही."

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. इतकी वर्षं त्यांनी ही कादंबरी मनात वाचली होती. हे त्यांना सुचलं नव्हतं.

"त्यांचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, मॅम. थोरल्या आईसाहेब म्हणतात. नाव कोणी घेत नाही."

घंटा झाली. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं, मुलं प्रयोगशाळेकडे पळाली. कृतिकाने टाक फडक्यात गुंडाळला, आणि तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली. बाईंना धारची बस गाठायची होती. भाच्याचा, विहंगचा, दुसऱ्या दिवशी साखरपुडा होता. त्यांनी टेबलावरचं सगळं उचललं, घड्याळ, चष्म्याचं घर, हॉकी स्टिक, आणि सगळ्यांच्या खाली राहिलेली लाल फडक्याची घडीही. टाक कृतिका घेऊन गेली, असं त्यांनी धरून चाललं. देवाची वस्तू कोण ठेवून जाईल? सगळं कपाटात गेलं, कुलूप लागलं, किल्ली पर्समध्ये पडली आणि पर्स धारच्या बसमध्ये चढली.

टाक जप्त केलेल्या गाइडांवर जाऊन बसला.

रविवारी धारला साखरपुड्याची पानं वाढली जात होती तेव्हा बाईंचा फोन वाजला. नागर सर होते.

"मॅडम, शिकायत आ गई."

बाई ओसरीत आल्या. सर सांगत होते ते त्यांना तुकड्यातुकड्यांनी कळलं. कृतिका प्रात्यक्षिकाहून परतली तर कपाट बंद. घाबरून तिने घरी सांगितलं, पटव्याने टाक उद्यावर ठेवून घेतलाय. तिच्या आईने ऐकून घेतलं आणि पाटावरून उठली. टाक गळ्यात नसताना ती अन्नाला शिवत नाही. काल जेवली नाही. आज सकाळी आजोबांनी माणूस पटव्याकडे पाठवला तेव्हा सगळं उघडं पडलं. आणि आजोबा म्हणजे जगदेवराव मोहिते, निवृत्त नायब तहसीलदार, शाळेच्या समितीवरचे.

"उन्होंने कहा है, कल की मीटिंग में नॉवेल बंद," सर म्हणाले. "मैं क्या करूँ?"

"काही करू नका," बाई म्हणाल्या. "मी येते."

भावजय म्हणाली, "वन्सं, पान वाढलंय. दोन घास तरी."

"तिथे एक बाई कालपासून उपाशी आहे. माझ्या किल्लीमुळे."

"किल्लीमुळे कुठलं, तुमच्या त्या कादंबरीमुळे," भाऊ म्हणाला. लहानपणी ह्याच कादंबरीला तो रडला होता. "बाबांच्या वेळेपासून ते पुस्तक कोणाला सुखाने जेवू देत नाही."

"तू तेव्हाही दोन पोळ्या जास्त खायचास," बाई म्हणाल्या आणि चप्पल घातली.

इंदूरला गाडी बदलून त्या देवासला उतरल्या. देवीच्या टेकरीवर रविवारची गर्दी दिसत होती. चौकीदाराने शाळा उघडली, बाईंनी कपाट उघडलं. पण टाक घेऊन त्या सरळ मोहित्यांकडे गेल्या नाहीत. तुटक्या गोफातला टाक गळ्यात कसा घालणार? त्या आधी बाजारात पटव्याकडे गेल्या. पटवा दुकान आवरत होता.

"कल आना, बेनजी."

"कल नहीं, भिया. इसके लिए एक घर में चूल्हा रुका हुआ है."

पटव्याने टाक पाहिला, कपाळाला लावला आणि पुन्हा बैठक मारली. नवा काळा गोफ ओवून होईपर्यंत बाई दुकानापुढे उभ्या राहिल्या.

मोहित्यांचं घर स्टेशनकडच्या नव्या वस्तीत आहे. खाली ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, वर राहणं. कृतिकाचे वडील राजवीर दुकानाच्या दाराशी उभे होते. ते बाजूला झाले. वरच्या खोलीत जगदेवराव आरामखुर्चीत ताठ बसले होते. कृतिकाचे डोळे सुजले होते. बाईंनी आधी आत जाऊन तिच्या आईच्या, स्वानंदीच्या, हातात टाक दिला. तिने तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं, गळ्यात घातला आणि मंगळसूत्राखाली नीट केला. मग बाई बाहेर आल्या.

"देव कोंडलात तुम्ही," जगदेवराव म्हणाले. त्यांची मराठी जुन्या वळणाची होती. "कुलपात. त्या गाइडांच्या ढिगावर."

"हो. चूक माझी. न बघता उचललं आणि किल्ली घेऊन गावाला गेले. कृतिकाला बोलू नका."

"तिला मी बोललोच आहे. खोटं बोलली ती."

"मग माझ्या वाटचंही तिला बोलून झालं असेल. उरलं असेल तर मला बोला."

जगदेवरावांना असं उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी घसा साफ केला. "उद्या समितीची बैठक आहे. ही भुताखेतांची पोथी बंद. निबंध लावा."

"कपाटाबद्दल मी हात जोडते," बाई म्हणाल्या. "वर्गाबद्दल नाही. वर्गात कृतिका जे बोलली ते मी इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

आतून स्वानंदीचा आवाज आला. "काय बोलली?"

ती दारात उभी होती. एका हाताने चौकट धरलेली. "मामंजी, बोलणं होईल. आधी पानं घेते. बाई, तुम्ही जेवलात?"

"नाही. साखरपुड्याचं पान सोडून आले."

"मग बसा."

दोघी समोरासमोर जेवायला बसल्या. वरणभात, बटाट्याची भाजी. बाईंनी शेवट सोडून सगळी कादंबरी तिला जेवता जेवता सांगितली, रिकामी चौकट, रिकामी खुर्ची, रेघ. आणि मग कृतिका काय म्हणाली ते. स्वानंदीने बोटं चाटायचं थांबवलं.

"असं म्हणाली? आमच्या जिन्यावर कोणी फिरत नाही?"

"असं."

"नाव विचारलंत?"

"विचारलं. तिला ठाऊक नाही."

"मला आहे." स्वानंदीने टाकावर हात ठेवला. "पण मामंजींसमोर घेत नाही. त्या वारल्या तेव्हा सासूबाईंना ते नाव सोसेना. कोणी घेतलं की त्यांना भोवळ यायची. मग घेणं बंद पडलं. सासूबाईही गेल्या. बंद पडलेलं सुरू कोणी करायचं?"

बाहेर आरामखुर्ची करकरली. बाई हात धुऊन आल्या तेव्हा जगदेवरावांच्या हातात कृतिकाचं पुस्तक होतं. त्यांनी ते सकाळीच जप्त केलं होतं, पोरीला काय विष पाजतायत ते बघायला. मग ते बघत बसले होते. दुपारचं झोपणं राहिलं होतं.

"हे काय?" त्यांनी पुस्तक उलटं करून दाखवलं. "हे पिना मारलेलं?"

"शेवट."

"तो मला दिसतोय. मारल्या कशाला?"

"आबासाहेब, काढू नका," कृतिका पहिल्यांदाच बोलली. "आम्ही शब्द दिलाय."

"मी दिलेला नाही."

"पुस्तक तिचं आहे," बाई म्हणाल्या.

जगदेवरावांनी पुस्तक मांडीवर आपटलं. मग, जणू कामाचं बोलत आहेत अशा आवाजात विचारलं, "ती वरची मुलगी. तिला मारली का बापाने?"

"सांगणार नाही."

"मी समितीवर आहे."

"म्हणून तर सांगणार नाही. उद्या तिसऱ्या तासाला शेवटचं प्रकरण आहे. बैठक त्यानंतर आहे ना? आधी वर्गात या. ऐका. मग खुशाल बंद करा."

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बाई थांबल्या आणि स्वतःशी म्हणाल्या, येतील. डहीची मुलं आली होती. डोंगर उतरून आली होती. हे तर स्टेशनवरून यायचे आहेत.

सोमवारी तिसऱ्या तासाला जगदेवराव आले. कडक इस्त्रीचा सदरा, हातात काठी. हर्षितने मागच्या बाकावर जागा करून दिली. "आइए दादाजी. यहाँ से सब दिखता है." दादाजी मागच्या बाकावर बसले. नागर सर दाराशी एकदा येऊन गेले, घड्याळाकडे बघत.

बाईंनी पंखा बंद करायला सांगितला आणि आपल्या प्रतीतून वाचायला सुरुवात केली.

शेवटच्या रात्री घरात पाहुणे येतात. टेबल मांडलं जातं. सासरा वरच्या जागेवर बसतो. दलदलीतलं पाणी अंगणापर्यंत चढलेलं असतं. वर पाऊल वाजतं, सगळे ऐकतात, आणि सगळे सुऱ्याकाट्यांचा आवाज वाढवतात. नवी नवरी उठते. स्वतःचं ताट उचलते. त्या रिकाम्या खुर्चीसमोर नेऊन ठेवते.

वर्गातले हात एकेक करून वर गेले. नियम होता तसे. बाईंनी मान वर केली तेव्हा मागच्या बाकावर काठीही वर झालेली होती.

सासरा ओरडतो. नवरा मान खाली घालतो. नवरी खुर्चीकडे बघते आणि नाव घेते.

बाईंनी पुस्तक मिटलं.

"मॅम!" अख्खा वर्ग ओरडला.

"वाचा की," मागून जगदेवराव म्हणाले. त्यांचा आवाज तहसील कचेरीतला होता.

"पुढचं मी वाचायचं नाही," बाई म्हणाल्या. "पुढचं तुमचं. पिना काढा."

वर्गात एकदम खरवडणं सुरू झालं. कंपासची टोकं, नखं, पट्ट्या. पिना जमिनीवर टपटपू लागल्या. कृतिका आपलं पुस्तक घेऊन मागच्या बाकाशी गेली आणि आजोबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला. दोघांनी डोकं जवळ नेऊन ते पान वाचलं. प्रत्येकाने ते नाव आपलं आपण वाचलं, आणि पुढे काय होतं तेही. पाणी उतरतं. पाऊल जिन्यावरून खाली येतं, टेबलापर्यंत येतं. खुर्ची ओढल्याचा आवाज होतो. आणि मग नुसतं जेवण.

"बस? इत्ता ही?" अमन हळूच म्हणाला. पण ते पान त्याने पुन्हा वरून वाचायला घेतलं.

जगदेवरावांनी चष्मा काढला. "कृतिका."

"जी, आबासाहेब."

"थोरल्या आईसाहेबांचं नाव तुला ठाऊक नाही म्हणे."

"नाही."

"देवश्री," ते म्हणाले. एकदाच म्हणाले, पण पुरतं म्हणाले. "बागलीची मुलगी. मीच बघून आणली होती. तुझ्यासारखीच गप्प असायची."

कृतिका उभी राहिली. पुस्तक बाकावर ठेवून ती फळ्याकडे चालत गेली. डावीकडच्या कोपऱ्यातल्या घरात, बोळाच्या टोकाच्या खोलीत, तिने खडूने ते नाव लिहिलं. मग खोलीच्या एका भिंतीला बोटाने थोडं पुसलं. तिथे दार झालं.

घंटा झाली. पाटीदार सर आत आले. त्यांनी फळ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, डस्टर उचललं आणि परत ठेवलं. मग नेहमीप्रमाणे त्या घराच्या खाली समाकलनाची खूण काढू लागले.

दाराशी नागर सर उभे होते. "तो, जगदेवराव जी? मीटिंग में क्या रखना है?"

बाई जमिनीवरच्या पिना वेचत होत्या, कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. त्या तशाच वाकून राहिल्या. कान दाराकडे.

जगदेवराव काठी टेकत उठले. बाईंच्या जवळ येऊन थांबले.

"पुढल्या वर्षी जाड पिना घ्या," ते म्हणाले. "ह्या नखाने निघतात. काल रात्री एक निघाली होती. मी परत लावली."